फेसलिफ्टचा वण: गाल नको, कान बघा

फेसलिफ्ट म्हणजे वयाने उतरलेले गाल आणि मान वर उचलून घट्ट करण्याची शस्त्रक्रिया. तिच्या जाहिरातीत दोन फोटो असतात, आधीचा आणि नंतरचा. आपली नजर गालांवर आणि गळ्यावर जाते, फोटो लावणाऱ्यालाही तेच हवं असतं. पण काम कसं झालंय हे कळायचं असेल तर कान बघायला हवा. फेसलिफ्टचा छेद कानाभोवती घेतात. सर्जनने किती जपून काम केलंय आणि किती घाई केलीय, हे कानाची पाळी आणि कानामागची केसांची कड फारसं लपवत नाहीत.

आधी छेदाची वाट बघू. आरशासमोर उभं राहून तर्जनी कानशिलावर, कानाच्या वरच्या टोकाच्या जरा पुढे, केसांत ठेवा. तिथून खाली या. कान जिथे गालाला चिकटतो त्या खोबणीतून, कानाच्या भोकापुढे कूर्चेचा जो छोटा उंचवटा असतो (डॉक्टर त्याला ट्रेगस म्हणतात) त्याच्यापाशी, आणि पुढे पाळीपर्यंत. पाळीला खालून वळसा घाला, कान आणि डोकं यांच्यामधल्या घळीतून वर चढा, आणि बऱ्यापैकी वर आल्यावर मागे वळून मानेवरच्या केसांत शिरा. पूर्ण फेसलिफ्टची वाट ही अशी, दोन्ही बाजूंना. गळ्याच्या स्नायूंचंही काम असेल तर हनुवटीखाली साधारण ३ सेंटिमीटरचा आणखी एक आडवा छेद येतो.

हीच वाट का? त्वचेवरची रेघ डोळ्याला खुपते ती दोन्ही बाजूंची त्वचा एकसारखी असते तेव्हा. गालाच्या मधोमध केसाएवढा वण असला तरी समोरच्याला दिसतो. कानापुढे मात्र रंग, पोत, सावली सगळंच बदलत असतं. गालाची जाडसर, लव असलेली त्वचा तिथे संपते आणि कानाची पातळ, गुळगुळीत त्वचा सुरू होते. तिथे एक रेघ निसर्गानेच आखलेली असते, वण तिच्यात मिसळून जातो. शिवाय त्वचेतल्या तंतूंना दिशा असते. व्हिएन्नाच्या कार्ल लांगर यांनी १८६१ मध्ये मृतदेहांवर गोल टोच्याने भोकं पाडून दाखवलं की भोक गोल राहत नाही, चिरेसारखं लांबट होतं, आणि शरीराच्या प्रत्येक भागात या चिरांची दिशा ठरलेली असते. त्या दिशेने घेतलेला छेद कमी फाकतो. कानापुढे ही दिशा उभी, जवळपास कानाला समांतर आहे.

ट्रेगसपाशी आल्यावर छेद त्याच्या पुढून न्यायचा की मागून, यावर सर्जन मंडळींत जुना वाद आहे. मागून नेला, म्हणजे उंचवट्याच्या आतल्या कडेवरून, तर वण पुढून जवळजवळ दिसतच नाही. पण मग उंचवट्यावर आता गालाची त्वचा बसते, आणि ती जाड असते. तिच्या खालची चरबी काढून ती पातळ केली नाही तर तिथला नाजूक आकार बोथट होतो. त्वचा ताणून शिवली तर उंचवटा पुढे ओढला जातो आणि समोरून कानाचं भोक दिसायला लागतं. एकदा हे ओळखायला शिकलात की पडद्यावरच्या अनेक चेहऱ्यांवर दिसेल. पुढून नेलेला छेद दिसण्याची शक्यता जास्त, पण कानाचा आकार शाबूत राहतो. गालाची त्वचा आणि कानाची त्वचा यांच्या रंगात बराच फरक असेल तर पुढचा छेदच बरा, कारण तो त्या फरकाच्या सीमेवरच पडतो. कुठूनही जावा, पण तो कानाच्या वळणांबरोबर वळत जायला हवा. पट्टीने आखल्यासारखी सरळ उभी रेघ दुरूनही कळते.

वर कानशिलापाशी भानगड वेगळी. छेद केसांच्या आत घेतला तर वण झाकला जातो, हे ऐकायला छान. पण गालाची त्वचा वर आणि मागे सरकवल्यावर तिच्यासोबत कल्ल्याचे केसही वर जातात. डोळ्याचा कोपरा आणि केसांची कड यांच्यातलं मोकळं अंतर वाढतं, आणि कानापुढे केसांची जी बट असते ती कधी अर्धी, कधी पूर्ण गायब होते. वय लपवायला केलेली शस्त्रक्रिया अशी उघडी पडते. म्हणून ज्यांचं हे अंतर मुळातच जास्त आहे किंवा त्वचा बरीच सरकवायची आहे, त्यांच्यात छेद केसांच्या कडेवरून घेतात. इथे एक सुंदर युक्ती आहे. ब्लेड सरळ न धरता तिरकं धरतात, जेणेकरून काही केसांची मुळं छेदाखाली जिवंत राहतात. काही महिन्यांनी त्या मुळांतून केस वणातून आणि वणाच्या पुढच्या बाजूलाही उगवतात आणि रेघ पुसट होते.

पाळी हा सगळ्यांत बोलका भाग. नैसर्गिक पाळी खाली गोलसर असते, आणि गालाला चिकटण्याआधी तिथे एक छोटा खळगा असतो. फेसलिफ्टमध्ये गालाची त्वचा पाळीखाली घट्ट शिवली तर पुढच्या काही महिन्यांत वण आकसताना पाळीला खाली खेचतो. ती लांबट होऊन जबड्याकडे ओघळल्यासारखी दिसते. इंग्रजीत याला पऱ्यांच्या कानांवरून ‘पिक्सी इअर’ असं गोड नाव आहे, प्रकार मात्र मुळीच गोड नाही. कुड्या किंवा झुमके घालणाऱ्या बाईच्या तर रोज लक्षात येतं, कारण कानातलं लोंबण्याचा कोनच बदलतो. पाळी आधी सैल ठेवून शेवटी, अजिबात ओढ न देता शिवणं, हाच यावरचा उपाय.

कानामागे छेद अगदी घळीत न घेता जरासा कानाच्या पाठीवर घेतात. वण बसताना त्वचा थोडी खाली-मागे उतरते, तेव्हा तो आपोआप घळीत येतो. घळीतच घेतला तर पुढे मानेकडे सरकून दिसू लागतो. तिथून छेद केसांकडे जाताना मधला जो बिनकेसांचा पट्टा ओलांडतो, तो जितका वर ओलांडेल तितका कानाच्या आड राहतो. पुढे केसांत सरळ शिरायचं की केसांच्या कडेने खाली उतरायचं, हे मानेची त्वचा किती जास्तीची आहे यावर ठरतं. जास्त असेल आणि छेद केसांत नेला, तर शिवताना केसांच्या कडेला पायरी पडते: वरची कड एका जागी, खालची बोटभर मागे.

आपल्याकडे ही गोष्ट सल्लामसलतीत आवर्जून बोलायला हवी. केस मोकळे सोडणाऱ्या बाईला कानामागची पायरी वर्षानुवर्षं कळणार नाही. अंबाडा घालून गजरा माळणारीला मागे बसलेल्या प्रत्येकाने ती पाहिलेली असेल. डॉक्टरांकडे जाताना केस नेहमी जसे बांधता तसेच बांधून जा, आणि ‘मी असेच केस बांधते’ हे तोंडाने सांगा.

पुरुषांचं गणित दाढीमुळे बदलतं. ट्रेगसमागून छेद घेतला तर दाढीची त्वचा उंचवट्यावर येते आणि गृहस्थांना रोज सकाळी कानात दाढी करावी लागते. म्हणून बहुतेकदा छेद पुढून घेतात आणि कान व दाढी यांच्यामधला बिनकेसांचा अरुंद पट्टा राखतात. मागून घ्यायचाच असेल तर आतल्या बाजूने केसांची मुळं काढावी किंवा जाळावी लागतात. एवढं करूनही थोडी दाढी कानाच्या मागे जातेच. दाढीच्या मुळांना रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे पुरुषांत शस्त्रक्रियेनंतर त्वचेखाली रक्त साचण्याचं प्रमाणही बायकांपेक्षा जास्त असतं.

छोट्या वणाच्या फेसलिफ्टबद्दल थोडक्यात. बेल्जियममधल्या गेंटच्या पॅट्रिक तोनार आणि अलेक्सिस व्हेरपाल यांनी २००२ मध्ये मांडलेली पद्धत यातली प्रसिद्ध. छेद पाळीशी थांबतो, कानामागे जात नाही. गाल उतरलेत पण मान अजून बरी आहे, अशांना ती शोभते. मान पार सैल झालेल्या माणसात तीच केली तर जास्तीची त्वचा जायला जागा उरत नाही आणि पाळीमागे चुण्या पडतात. वण आखूड म्हणजे शस्त्रक्रिया चांगली, असा हिशेब इथे चालत नाही.

ताण कुणी घ्यायचा?

छेद कुठे आहे यापेक्षाही वण कसा होणार हे ठरतं त्या रेघेवर किती ताण आहे यावरून. हे कळायला वैद्यकाला बराच काळ लागला. १९०१ मध्ये बर्लिनमध्ये ऑयगेन होलेंडर यांनी पहिली फेसलिफ्ट केली असं मानलं जातं. कान आणि केसांच्या कडेने त्वचेच्या पट्ट्या कापून काढायच्या आणि उरलेली ओढून शिवायची, असं त्या काळचं तंत्र होतं. सगळी ओढ टाक्यांवर. त्वचा लवचिक असते, ती ताणाला सैल होऊनच उत्तर देते. परिणाम लवकर ओसरायचा, मागे उरायचे ते पसरलेले, रुंद वण.

१९७४ मध्ये स्वीडनच्या टोर्ड स्कूग यांनी त्वचेखालचा थर त्वचेसकट उचलून दाखवला, आणि १९७६ मध्ये मिट्झ आणि पेरोनी या फ्रेंच सर्जननी त्या थराचं नीट वर्णन केलं. चेहऱ्याच्या स्नायूंना जोडणारा हा चिवट पडदा, त्याच्या लांबलचक नावाची आद्याक्षरं घेऊन सगळे त्याला ‘स्मास’ म्हणतात. आजची चांगली फेसलिफ्ट हा पडदा उचलते, वर ओढून पक्का करते, आणि त्वचा त्याच्यावर नुसती अंथरून जास्तीचा भाग छाटते. साडीचा भार परकराच्या नाडीवर असतो आणि खांद्यावरची पिन फक्त पदर जागेवर ठेवते. भार पिनेवर आला की कापड पिनेपाशीच चिरतं. त्वचेचंही तेच. छेदाच्या दोन कडा जवळजवळ आपसूक भेटत असतील तर वण केसासारखा बारीक होतो. ओढून भेटवाव्या लागल्या तर तो रुंद होतो, मग टाके कितीही देखणे घातलेले असोत.

म्हणूनच ‘स्किन ओन्ली’, म्हणजे नुसती त्वचा ओढणारी स्वस्तातली फेसलिफ्ट हा मला तोट्याचा सौदा वाटतो. कमी वेळात होते, सूज लवकर उतरते, आणि वर्षभरात गाल परत उतरतात. वण तेवढा राहतो.

वण भरताना काय काय होतं

पहिल्या २४ तासांत भीती असते ती रक्त साचण्याची. त्वचेचा उचललेला पदर खालून फुगला तर त्याचा रक्तपुरवठा तुटतो, कडा काळ्या पडतात, आणि मग छेद कितीही सुंदर घेतलेला असला तरी उपयोग नाही. म्हणून रक्तदाब काबूत ठेवणं, डोकं उंच ठेवून झोपणं, रक्त पातळ करणारी औषधं आधीच डॉक्टरांना विचारून थांबवणं, याचा वणाशी थेट संबंध आहे.

पुढचे काही दिवस शरीराची सफाई चालू असते: लाली, सूज, थोडी खपली. कानापुढचे टाके साधारण ५ ते ७ दिवसांत काढतात. जास्त राहिले तर टाक्यांच्या भोकांचे ठिपके रेघेच्या दोन्ही बाजूंना कायमचे उमटतात. केसांतले टाके किंवा पिना मात्र १० ते १४ दिवस ठेवतात, कारण डोक्याची त्वचा जाड आणि तिथे ठिपके दिसत नाहीत.

टाके निघाले म्हणजे जखम भरली असं घरच्यांना वाटतं, आणि इथेच गडबड होते. आठवड्याच्या शेवटी जखमेची ताकद निरोगी त्वचेच्या ३ टक्क्यांच्या आसपास असते. तीन आठवड्यांनी ती २० ते ३० टक्क्यांपर्यंत जाते. तीन महिन्यांनी सुमारे ८० टक्के, आणि त्यापुढे फारशी कधीच नाही. घाईघाईत भरलेलं कोलॅजन (त्वचेला बळ देणारं तंतूंचं प्रथिन) आधी कच्चं, विस्कळीत असतं, नंतर शरीर ते उसवून पक्क्या जातीच्या कोलॅजनने पुन्हा विणतं. हे काम वर्षभर, कधी दीड वर्षही चालतं.

यातून एक विचित्र गोष्ट निघते, जी आधी कुणी सांगितलेली नसते. वण तिसऱ्या आठवड्यात जसा दिसतो त्यापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात वाईट दिसतो. टाके निघाल्यावर बारीक रेघ बघून माणूस खूश होतो, आणि सहा-आठ आठवड्यांनी तीच रेघ लाल, कडक, जराशी उंच आणि खाजरी होते. काहीही बिघडलेलं नसतं. त्या काळात नव्या रक्तवाहिन्या आणि कोलॅजन भरात असतात. पुढे सहा महिन्यांपर्यंत लाली उतरत जाते, वर्षाच्या आसपास रेघ फिकट आणि मऊ होते. घरात लग्नकार्य असेल तर तारीख धरताना एवढं लक्षात ठेवा.

बधिरपणाही याच काळातला. त्वचा उचलताना बारीक नसा कापल्या जातात, त्यामुळे कानापुढे आणि पाळीला काही महिने नीट समजत नाही. पाळीला संवेदना देणारी मोठी नस मानेतून वर येते, तिला धक्का लागला तर बधिरपणा जास्त टिकतो. हेअर ड्रायर किंवा केस सरळ करायचं यंत्र वापरताना कातडी भाजली तरी कळत नाही, म्हणून ही यंत्रं सध्या कपाटात. चष्म्याची काडी, मास्कचा दोरा आणि हेल्मेटही कानामागच्या ताज्या रेघेवर घासतात. छेदाजवळचे काही केस गळतात, बहुतेकदा तीन-चार महिन्यांत परत येतात. ताणामुळे मुळंच मेली असतील तर येत नाहीत.

आपली त्वचा, आपल्या सवयी

वणाबद्दलची बरीच माहिती गोऱ्या त्वचेवरून लिहिलेली आहे. गोऱ्या त्वचेवर लाल रेघ हळूहळू पांढरी होते. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत रंगद्रव्य जास्त आणि चिडकंही जास्त, त्यामुळे लालीनंतर रेघ आधी तपकिरी होते आणि कित्येक महिने तशीच राहते. ऊन लागलं की आणखी गडद. म्हणून पहिलं वर्षभर ओढणी, टोपी, सनस्क्रीन, जे जमेल ते. निदान कानापुढच्या भागाला तरी.

दुसरी गोष्ट केलॉइडची. वण उंच आणि जाड झाला पण छेदाच्या हद्दीत राहिला, तर तो नुसता फुगलेला वण. तो बहुतेकदा काळाने किंवा उपचाराने बसतो, आणि फेसलिफ्टमध्ये सर्वांत जास्त दिसतो तो कानामागे, कारण ताण तिथेच अधिक. केलॉइड हद्द सोडून बाजूच्या निरोगी त्वचेवर चढतो आणि कापून काढला तर अनेकदा आणखी मोठा होऊन परत येतो. सावळ्या त्वचेत तो जास्त आढळतो, आणि कान ही त्याची आवडती जागा. तुमच्या बुगडीच्या किंवा दुसऱ्या टोचणीच्या जागी कधी गाठ झाली होती का, छातीवर किंवा खांद्यावर मुरुमाचा वण फुगला होता का, आईला-बहिणीला तसं झालं होतं का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण सांगायचं. अशा माणसाने फेसलिफ्टचा विचार फार जपून करावा.

आणि तंबाखू. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, आणि उचललेल्या त्वचेचा पदर त्याच रक्तवाहिन्यांवर जगत असतो. कानामागचं टोक रक्तपुरवठ्यापासून सर्वांत लांब, म्हणून कातडी काळी पडते ती आधी तिथे. १९८४ च्या एका अमेरिकन अभ्यासात फेसलिफ्टनंतर अशी कातडी मरण्याचा धोका सिगारेट ओढणाऱ्यांत सुमारे १२ पट आढळला होता. त्यामुळे आधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे बंदी घालतात. डॉक्टर विचारतात, ‘सिगारेट ओढता का?’ आणि आपल्याकडच्या बायका खरंखरं ‘नाही’ म्हणतात. मिश्रीचं कुणी विचारत नाही. मिश्री हाही तंबाखूच, गुटखाही, आणि निकोटिनच्या च्युइंगगममध्येही निकोटिनच असतं.

वणावर लावायचं काय? पुरावा बऱ्यापैकी आहे तो सिलिकॉनच्या जेलचा किंवा पट्टीचा. जखम पूर्ण बंद झाल्यावर सुरू करून दोन-तीन महिने, पट्टी असेल तर दिवसाचे बारा तास तरी. डॉक्टरांनी सांगितल्यावर हलक्या बोटाने मालिश. व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल फोडून चोळायची पद्धत घरोघरी आहे. तिने वण सुधारत असल्याचं दिसलेलं नाही, काहींना उलट तिथे पुरळ येतं. हळद, मध, कोरफड ताज्या रेघेपासून लांबच ठेवा. फुगू लागलेल्या वणात स्टिरॉइडचं इंजेक्शन काही आठवड्यांच्या अंतराने देतात आणि ते चांगलं काम करतं, पण डोस जास्त झाला तर त्वचा खड्ड्यासारखी पातळ होते आणि फिकट डाग पडतो. लाली हटत नसेल तर लेझर आहे, मात्र सावळ्या त्वचेवर हात बसलेल्या माणसाकडूनच.

वण मनासारखा झाला नाही तर दुरुस्ती होते. रुंद वण कापून पुन्हा शिवता येतो, ओघळलेली पाळी सोडवून वर घेता येते. त्यासाठी साधारण वर्षभर थांबतात, कारण त्याआधी वण अजून बदलत असतो आणि त्वचेत द्यायला ढिलाईही नसते. पाळीची दुरुस्ती तेवढ्या जागेपुरती भूल देऊन होते. वर गेलेला कल्ला मात्र सहज खाली येत नाही, तिथे केसांचं रोपण करावं लागतं.

म्हणून पहिल्या भेटीत फोटो मागताना तीन अटी घाला: वर्षभरानंतरचे, बाजूने आणि मागून काढलेले, केस कानामागे घेतलेले. शक्य असेल तर आपल्यासारख्या वर्णाच्या माणसाचे. सगळे फोटो समोरून, केस मोकळे आणि महिनाभरानंतरचेच निघाले, तर दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घ्या.